मुंग्यांचं हजेरीपुस्तक

कारखान्याच्या फाटकाशी एकतीस वर्षं बसून कोण कधी आत गेला आणि कधी बाहेर पडला एवढंच लिहिणाऱ्या माणसाला निवृत्त करून घरी पाठवणं हा त्याच्या घरच्यांवर उघड अन्याय आहे. पण कारखान्याला त्याचं काय. त्यांनी हजेरीमास्तरांच्या गळ्यात हार घातला, त्यांची नेहमीची लाकडी खुर्ची भेट म्हणून दिली (त्या खुर्चीत बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं), आणि इतकी वर्षं फाटकाने सोसलेला त्रास टेम्पोत घालून तीन खोल्यांच्या घरात पोचता केला.

मास्तर हुशार होते यात शंका नाही. पावलाच्या आवाजावरून माणूस ओळखत. अर्धा मिनिट उशीर झाला तरी लाल शाई. एका फिटरच्या घरी आदल्या दिवशी कोणी वारलं होतं, तो सात मिनिटं उशिरा आला, तर मास्तरांनी आधी सात मिनिटं मांडली आणि मग दुःख व्यक्त केलं. हे ते स्वतः अभिमानाने सांगत. सबंध कारखान्यात एकाच माणसाचं नाव हजेरीपुस्तकात नव्हतं, तो म्हणजे मास्तर. पुस्तक त्यांच्या टेबलावर, पेन त्यांच्या खिशात, मग त्यांची हजेरी मांडणार कोण? एकतीस वर्षांत हा प्रश्न ना साहेबांना पडला, ना मास्तरांना.

निवृत्तीनंतर पहिले तीन महिने त्यांनी दूधवाल्याची वेळ लिहिली, पेपरवाल्याची लिहिली, भांडी घासणाऱ्या बाईंची लिहिली. बाईंनी एका सकाळी ओले हात पदराला पुसले, "तुमची भांडी तुम्हीच घासा आणि वेळही तुम्हीच लिहा" असं म्हणाल्या आणि गेल्या. बायकोने नवऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि बाह्या सरसावून घासणी उचलली. ती तोंडाने फार बोलणारी नव्हती. बोलून उपयोग नसलेल्या माणसाशी संसार केला की माणूस शब्द जपून वापरायला शिकतो.

घरात तिसरं माणूस म्हणजे बायकोचे वडील. वय ब्याऐंशी. चाळीस वर्षं बेकरीत भट्टीपुढे उभे राहिलेले, दोन्ही मनगटांवर चटक्यांचे पांढरे डाग, आणि चहात बिस्कीट बुडवून खाण्याची जन्माची आवड. बेकरीवाले बाबा दोन वर्षांपूर्वी लेकीकडे राहायला आले होते. मुलगा होता, पण तो आठ तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, नवराबायको दोघंही सकाळी जाऊन संध्याकाळी येणार. तिथे म्हातारा माणूस दिवसभर भिंतीशी बोलणार का, म्हणून लेकीने त्यांना आपल्याकडे आणलं, बाहेरच्या खोलीत खिडकीशी खाट टाकून दिली आणि ठरवून टाकलं की बाबा आता शेवटपर्यंत इथेच. आयुष्यात तिने हट्टाने मागून घेतलेली ही एकच गोष्ट. मास्तरांनी तेव्हा मान डोलावली होती, कारण तेव्हा ते नोकरीत होते आणि दिवसभर घरात नसत.

तर अशा घरात मुंग्या आल्या.

आल्या म्हणजे आधी स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्यावर, बारीक लालसर. बायको फडकं घेऊन पुढे झाली तर मास्तर म्हणाले, "थांब. आधी नोंद होऊ दे." त्यांनी खुर्ची ओट्याशी ओढली, चष्मा पुसला आणि लिहायला घेतलं: सकाळी सहा दहा, खिडकीची डावी चौकट, येणाऱ्या अंदाजे दोनशे, जाणाऱ्या एकशे साठ, पैकी सामानासह अकरा. चाळीस मुंग्यांचा हिशोब लागेना म्हणून ते तासभर तिथेच बसले. नाश्ता ओट्याऐवजी जमिनीवर झाला.

बेकरीवाले बाबा काठी टेकत आले, वाकून बघितलं आणि लेकीला म्हणाले, "डबा पाण्याच्या ताटलीत ठेव. आणि ही रांग साबणाच्या पाण्याने पूस, नुसत्या फडक्याने नको. पहिली मुंगी वास सोडत जाते, बाकीच्या त्या वासावरून येतात. वास पुसला की रस्ता पुसला."

दोन दिवसांत स्वयंपाकघर मोकळं झालं. दुसरा कोणी असता तर सुटकेचा श्वास सोडून पेपर वाचायला बसला असता. मास्तरांना मात्र ते लागलं. चौकशी नाही, कोणावर ठपका नाही, आणि प्रकरण मिटतं म्हणजे काय? त्यांच्या मते मुंग्यांचा प्रश्न हा फाटकाचा प्रश्न होता. आत येण्याची वाट बंद करा, प्रश्न संपला. मुंगी आत कशासाठी येते हे विचारणं त्यांना फालतू वाटे. कामगार कशासाठी येतो हेही त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी बाजारातून फवारा आणला आणि खिडकीच्या चौकटीतल्या फटीत अर्धी बाटली रिकामी केली. चार दिवसांनी मुंग्या तीन ठिकाणी निघाल्या. एक रांग कपाटामागे, एक दाराच्या उंबऱ्यात आणि एक दिव्याच्या बटणांच्या बोर्डात, जिथे त्यांनी काय केलं कोण जाणे, पंखाच बंद पडला.

"फवारा मारला की त्या घाबरून संसार वाटून घेतात," बाबा म्हणाले. "एकाचे तीन होतात. बेकरीत आम्ही कधी मारला नाही."

"बेकरीची गोष्ट वेगळी, बाबा," मास्तर म्हणाले. "तिथे शिस्त नव्हती."

बाबा हसले आणि चहाकडे वळले. ज्या माणसाने चाळीस वर्षं पहाटे तीनला भट्टी पेटवली त्याला शिस्त शिकवणारा जावई मिळणं हे नशीबच म्हणायचं.

मग मुंग्या बाथरूममध्ये दिसू लागल्या. घरात संडास-बाथरूम एकच. खिडकीतून उतरून, फरशीच्या सांध्यातून सरळ कमोडच्या पायथ्याशी, आणि तिथे घोळका. मास्तरांचं डोकं चालू झालं. मुंगी गोडाला येते. बाथरूममध्ये गोड नाही. म्हणजे कोणीतरी गोड आत नेतंय. घरात माणसं तीन. बायको डाएटच्या नादी लागलेली, बिनसाखरेचा चहा पिणारी. उरला कोण? ज्याचं सगळं आयुष्य साखरेत आणि मैद्यात गेलं तो. हिशोब इतका चोख जुळला की मास्तरांना रात्रभर शांत झोप लागली, फक्त मधे चार वेळा पाणी प्यायला आणि पाच वेळा बाथरूमला उठावं लागलं तेवढंच.

पाण्याचं म्हणाल तर अलीकडे ते भरपूर पीत. पाणी प्यावं, शरीर स्वच्छ राहतं, असं सांगत तांब्यावर तांब्या रिचवत. पोट उतरलं होतं, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली होती, आणि ती भोकं ते शेजाऱ्यांना दाखवत. "फिरण्याचा परिणाम," म्हणत. फिरायला ते कोपऱ्यापर्यंत जात.

सोमवारी बाथरूमच्या दारावर सुतळीने एक लांबडी वही लटकली. रकाने आखलेले: नाव, आत, बाहेर, सही. पेनही सुतळीला बांधलेलं, कारण मास्तरांना पेन पळवणारी माणसं माहीत होती. बायको पहिल्या दिवशी हसली. तिला वाटलं गंमत आहे. दुसऱ्या दिवशी ती हसली नाही. तिने नावाच्या रकान्यात "मीच" असं लिहायला सुरुवात केली आणि मास्तरांनी त्याखाली प्रत्येक वेळी कंसात "पत्नी" लिहिलं.

बाबांचे हात कापत. सही करायला त्यांना वेळ लागे, आणि या वयात आत जायची घाई असताना दारात उभं राहून सही करणं म्हणजे काय हे ज्याचं त्याला ठाऊक. एकदा सही पुरी होईपर्यंत धोतर ओलं झालं. लेकीने ते न बोलता धुवून वाळत टाकलं. मास्तरांनी त्या दिवशीच्या ओळीपुढे "विलंब" असा शेरा मारला. इथे कोणी मास्तरांच्या श्रीमुखात का भडकवली नाही असं वाचणाऱ्याला वाटेल. सांगणाऱ्यालाही तसंच वाटतं.

मास्तर स्वतः दिवसातून दहा-बारा वेळा आत जात. पण ते तपासणीसाठी. बॅटरी घेऊन वाकायचं, मुंग्या मोजायच्या, आकडा वेळेसह वहीच्या मागच्या पानावर टाकायचा, आणि आत गेलोच आहोत तर हातासरशी तेही उरकून घ्यायचं. त्यांची नोंद वहीत नव्हती. असायचं कारणच नव्हतं. तपासणारा कधी सही करतो का?

पंधरा दिवसांत वहीतून एक चमत्कारिक गोष्ट निघाली. बाबा अठरा मिनिटं आत बसून आले तरी मुंग्या नाहीत. बायको गेली तरी नाहीत. आणि वहीत कोणाचंही नाव नसताना, एकदम, पाऊण तासात, घोळका. मास्तरांनी टाचण काढलं, लाल शाईने गोल केले आणि निष्कर्ष काढला की गुन्हेगार सही न करता आत जातो. निष्कर्ष अगदी बरोबर होता. एकतीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस तो, चुकेल कसा.

त्याच सुमाराला बाबा एकदा त्यांच्याजवळ आले. लेक बाजारात गेली होती. "जावईबापू, जरा बोलायचं होतं. तुमच्या तब्येतीचं. आमच्या बेकरीत एक मुख्य कारागीर होता..."

"बोला की," मास्तर म्हणाले, "पण आधी ही सही राहिलीय. नऊ बाराला आत गेलात, बाहेरची वेळ टाकलेली नाही."

 बाबांनी पेन घेतलं, वेळ टाकली, सही केली आणि खाटेवर जाऊन बसले. काय बोलायचं होतं हे मास्तरांनी विचारलं नाही. त्यांचं काम झालं होतं.

आता मास्तरांनी खुर्ची थेट बाथरूमच्या दारासमोर मांडली. सकाळी सहा ते रात्री नऊ. जेवण खुर्चीवर. उठायचं ते फक्त पाण्याला आणि तपासणीला. सहीशिवाय कोणी आत जात नव्हतं हे ते डोळ्यांनी बघत होते, आणि मुंग्या येतच होत्या. मग त्यांनी ठरवलं की आपण आंघोळीला गेल्यावर म्हातारा पुढची तयारी करत असणार. कसली तयारी, आंघोळ तर त्याच बाथरूममध्ये, असले बारीकसारीक प्रश्न त्यांनी स्वतःला विचारले नाहीत. बाबा गॅलरीत उन्हाला बसले असताना त्यांनी खाटेवरच्या उशीखाली हात घातला. पत्र्याची छोटी डबी निघाली. आत अडीच बिस्किटं.

डबीच्या झाकणाला बाबांनी रबर लावून फडकं गुंडाळलं होतं. तिच्या आसपास, उशीवर, खाटेवर, त्या अख्ख्या खोलीत एकही मुंगी नव्हती. मुंग्या मोजण्यात ज्याने डोळे झिजवले त्या माणसाला हे दिसलं नाही. पुरावा हाती आल्यावर दिसायचं थांबतं.

मास्तरांनी डबी ओट्यावर आणून ठेवली आणि बायकोला व बाबांना समोर उभं केलं.

"मला कोणाला बोलायचं नाही," ते म्हणाले आणि वीस मिनिटं बोलले. घर, स्वच्छता, विश्वास, वहीतल्या तारखा. शेवटी म्हणाले, "वय झालं की जिभेवर ताबा राहत नाही हे मी समजू शकतो. पण लपूनछपून संडासात बसून खायचं, हे शोभतं का?"

बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला लेकीसमोर असं बोलल्यावर तो काय उत्तर देणार? ते लेकीला म्हणाले, "मला दादाकडे सोड, बाळ. उद्याची गाडी बघ."

"बाबा, तुम्ही कुठेही जाणार नाही," ती म्हणाली. नवऱ्याकडे वळून म्हणाली, "सांगा त्यांना. राहा म्हणून सांगा."

मास्तर म्हणाले, "त्यांची इच्छा असेल तर आपण अडवणारे कोण?"

बायकोने बॅग भरली. रडली ती भरताना, तेही पाठ करून. सकाळच्या गाडीने दोघं गेले. ती चार दिवसांनी परतणार होती, बाबा नव्हते परतणार. जाताना बाबांनी खाटेची चादर स्वतः घडी करून ठेवली आणि जावयाला म्हणाले, "पायांना जपा." मास्तरांना वाटलं, म्हाताऱ्यांची बोलायची रीत.

त्या दिवशी मास्तरांनी बाथरूम फिनाईलने खरवडून धुतलं आणि वहीचं कोरं पान उघडलं. घरात आता ते एकटे. संध्याकाळपर्यंत पानावर एकही नाव नव्हतं आणि कमोडच्या पायथ्याशी घोळका जमलेला होता. मास्तरांनी दाराची कडी तपासली, खिडकीचे गज हलवून पाहिले, कपाटाच्या वरसुद्धा बघितलं. मग त्यांनी नावाच्या रकान्यात "अनोळखी इसम" असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाथरूमला कुलूप लावलं आणि दिवसभर बाजारातल्या सार्वजनिक मुतारीच्या खेपा घातल्या. बारा खेपा झाल्या, पाय मोडून आले. पण संध्याकाळी कुलूप काढलं तर फरशी कोरडी, मुंगी नावाला नाही. ते खूश झाले, आत गेले, आणि बाहेर येऊन खुर्चीत बसले. पाऊण तासाने बॅटरी घेऊन पाहिलं तर रांग सुरू.

ते परत खुर्चीत बसले. गुडघ्यांवर हात ठेवून, भिंतीकडे बघत. एवढ्या वर्षांत त्यांनी कोणाचं खोटं ऐकून घेतलं नव्हतं आणि आता समोर वही होती, घड्याळ होतं, आणि खोटं बोलायला दुसरं कोणी घरात नव्हतं. तरी माणूस चिवट असतो. सकाळी ते हार्डवेअरच्या दुकानात जाऊन म्हणाले, "जालीम पावडर द्या. संडासातल्या मुंग्यांसाठी."

दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिलं. कमरेशी गोळा झालेली पँट पाहिली, कोरडे ओठ पाहिले. "पावडर देतो," तो म्हणाला, "पण आधी रक्त तपासून या. माझ्या काकांना मधुमेह झाला तो असाच कळला. आमच्याकडे डॉक्टरच्या आधी मुंग्यांनी सांगितलं."

तपासणीचा कागद घेऊन मास्तर गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंसमोर बसले. साखरेचा आकडा तीनशे चाळीसच्या पुढे होता. बाईंनी पाय तपासले, टाचणीने टोचलं, डाव्या पायाच्या दोन बोटांना कळलं नाही.

"किती दिवसांपासून चाललंय हे? अंदाजे सांगा."

अंदाजे सांगायची मास्तरांना गरज नव्हती. पिशवीतून त्यांनी वही काढली. बाई पानं चाळत राहिल्या. दोन महिने नऊ दिवस, तारीखवार, वेळेसह, मुंग्यांच्या संख्येसह.

"इतकी चोख नोंद मी कोणत्याच पेशंटची बघितली नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला एकदाही शंका आली नाही?"

मास्तरांनी वही मिटून पिशवीत घातली. 

घरी येऊन त्यांनी बायकोला फोन लावला. बराच वेळ हवापाण्याचं बोलले. मग एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "बाबांनी गाडीत बसल्याबसल्या सांगितलं. जावयाला आधी डॉक्टरकडे ने, म्हणाले. बेकरीतल्या त्यांच्या कारागिराचा पाय गेला होता यात. मी परवा येणार ती तुम्हाला तपासायला न्यायलाच."

मास्तरांच्या तोंडाला आणखीच कोरड पडली. "त्यांनी मला का नाही सांगितलं?"

"आले होते सांगायला. तुम्ही सही मागितलीत."

 मास्तरांना लाज वाटली. खरी, आतून. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना ती वाटायला लावली होती, चव आज कळली.

"बाबांना दे," ते म्हणाले. आणि पलीकडून खोकल्याचा आवाज आला तसे घाईघाईने म्हणाले, "बाबा, माझं चुकलं. मी वही फाडून टाकतो. तुम्ही परत या, हिच्याबरोबरच या."

"फाडू नका, डॉक्टरला लागेल," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "औषध वेळेवर घ्या. वेळेचं तुम्हाला सांगायला नको. पायात चप्पल घालून हिंडत जा, घरातसुद्धा."

"पण तुम्ही येताय ना?"

"नको, जावईबापू. इथे खाली उतरता येत नाही, दिवसभर बोलायला कोणी नाही, सगळं खरं. पण आत गेलो आणि कडी लावली की बाहेर कोणी बसलेलं नसतं. लागेल तेवढा वेळ बसतो. या वयात याहून जास्त काही लागत नाही हो."

बायको ठरल्या दिवशी एकटी आली. मास्तर बस थांब्यावर अर्धा तास आधीपासून चप्पल घालून उभे होते, तिच्या हातातली बॅग त्यांनी घेतली, तिने घेऊ दिली. घरी आल्यावर तिने डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, गोळ्या बघितल्या, आणि बिनसाखरेचा चहा दोन कपांत गाळला. पंधरा दिवसांत आकडा खाली आला आणि बाथरूममधल्या मुंग्या आल्या तशा गेल्या.

खिडकीशी खाट तशीच होती, तिच्यावर बाबांनी घडी केलेली चादर. एका दुपारी मास्तर म्हणाले, "ही खाट आतल्या खोलीत घेऊ का? इथे जागा मोकळी होईल."

"मोकळीच आहे," ती म्हणाली आणि कप विसळायला आत गेली.